मोतिया लावावा की फिकट राखाडी?

वाचकहो, घटस्थापना जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांची जात बदलते. श्रावण-भाद्रपदात करपा, खोडकिडा आणि युरियाचा दुसरा हप्ता यांवाचून दुसरा विषय नसतो. मग पाऊस उघडीप देतो, भात निसवू लागते, आणि बांधावर पिकाची चौकशी संपली की शेतकरी जरा घुटमळत विचारतो, "साहेब, दिवाळीला घर रंगवायचंय. कोणता रंग द्यावा?"

शेतकी खात्याच्या माणसाला हे का विचारावे, असे कुणी म्हणेल. मला त्यात काही वावगे वाटत नाही. डाळ-तांदूळ निवडणे, बियाणे पारखणे, औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचणे, सोसायटीचा हिशेब, मुलांचा अभ्यास ही सारी कामे भिंतींच्या आतच होतात, आणि त्यांना लागणारा उजेड भिंतीच वाटून देतात. शिवाय दोन जवळजवळ सारख्या रंगांतला फरक ओळखणे हे आमच्या धंद्याचे कामच आहे. ते कसे, हे पुढे सांगतो.

गेल्या वर्षी मावळातल्या एका घरी इंद्रायणीचे पीक पाहायला गेलो होतो. पीक पाहून ओसरीवर टेकलो, चहा आला आणि चहापाठोपाठ शेडकार्डही आले. थोरल्या मुलाने ते तालुक्याच्या गावाहून आणले होते. त्यातल्या दोन चौकटींवर पेनाने खुणा केलेल्या. एक मोतिया, म्हणजे पांढऱ्यात किंचित पिवळसर झाक. दुसरा फिकट राखाडी, चुलीतली निवलेली राख चिमूटभर दुधात कालवावी तसा. थोरल्या सूनबाई मोतियाच्या बाजूने. धाकट्या सूनबाईंना राखाडी हवा होता; नात्यातल्या एका नव्या बंगल्यात त्यांनी तो पाहिला होता आणि मोबाइलमध्ये फोटोही होता. आजोबांचे म्हणणे, "दोन्ही नको. चुना बरा. बापजाद्यांनी लावला, कुणाचं काय बिघडलं?" निवाडा माझ्यावर आला.

दोन्ही चौकटी मी उन्हात धरून पाहिल्या. फरक एकोणीस-वीसचा. "कोणताही द्या, दोन्ही चांगले," असे म्हणून चहा संपवणार होतो. तेवढ्यात लक्ष दाराकडे गेले. आजी उंबऱ्याशी, घराकडे पाठ करून, सुपातली तूरडाळ निवडत बसल्या होत्या. वारा अंगावर येत होता, कोंबड्या सुपाशी लगट करत होत्या. मी म्हटले, "आजी, आत बसा की निवांत." त्या म्हणाल्या, "आत दिसतंय कुठं, सायेब? खडा हाताला लागतो, डोळ्याला न्हाई."

रंगाचा खरा प्रश्न तिथे बसला होता, आणि त्या माउलीला कुणी काही विचारलेच नव्हते.

मी कार्ड खाली ठेवले आणि माजघर पाहिले. दगडी भिंती चांगल्या दीड हात जाडीच्या. खिडकी एकच, तीही उत्तरेला, आणि तिच्यासमोर फणसाचे झाड. खाली शहाबादी फरशी. भिंतींवर जुन्या चुन्याचे थर, त्यावर धुराचा रापलेला रंग. माजघरातून स्वयंपाकघरात जायला एक पायरी उतरावी लागते. त्या पायरीचा अंदाज चुकून आजी पावसाळ्यात पडल्या होत्या आणि दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये होता, हे मला तेव्हा कळले. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे राहिलेले. ते आधी करून घ्या, हे मी पहिल्यांदा सांगितले. भिंतीचा रंग हा डोळ्याचा इलाज नव्हे.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. भाताला नत्र कमी पडते आहे की नाही हे पाहायला पानाचा रंगतक्ता मिळतो. प्लॅस्टिकची एक पट्टी, तिच्यावर पिवळसर पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत चार किंवा सहा छटा. भाताचे वरचे, पूर्ण उघडलेले पान त्या पट्टीवर ठेवून कोणत्या छटेशी जुळते ते पाहायचे. काम पोरखेळासारखे दिसते, पण त्याचे नियम कडक आहेत. पान तोडायचे नाही. सकाळी ८ ते १० च्या दरम्यान पाहायचे. पान आणि पट्टी दोन्ही आपल्या अंगाच्या सावलीत धरायची, कारण उघड्या उन्हात सगळेच हिरवे सारखे भासते. एका पानावर भरवसा ठेवायचा नाही, दहा पाने पाहायची. आणि दर खेपेला एकाच माणसाने पाहायचे, कारण डोळा-डोळ्यात फरक असतो.

यातला एकही नियम आपण घराचा रंग निवडताना पाळत नाही. दुकानातल्या दिव्याखाली, काडेपेटीएवढ्या चौकटीवरून, घाईघाईत बोट ठेवतो आणि पुढची सात-आठ वर्षे त्या भिंतीकडे पाहत बसतो. पान जसे झाडावर असतानाच पाहायचे, तसा रंगही ज्या खोलीत लागणार त्याच खोलीत पाहिला पाहिजे.

मातीच्या रंगाचेही शास्त्र आहे. मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकला शिक्षकाने १९०५ साली रंग मोजण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्याच पद्धतीचे रंगतक्ते घेऊन जगभरचे मृदा सर्वेक्षक आजही शेतात मातीचा रंग जुळवतात. त्यात प्रत्येक रंगाला तीन प्रश्न विचारायचे असतात. तो कोणत्या रंगाकडे झुकतो? उजळ किती आहे? आणि ती झाक फिकी आहे की ठसठशीत? हेच तीन प्रश्न मोतिया आणि राखाडी यांना विचारले की एकोणीस-वीसचा फरक उलगडायला लागतो.

झुकाव ओळखायची युक्ती सोपी आहे. कोरा पांढराशुभ्र कागद घ्या आणि चौकट त्याला भिडवून धरा. एकट्याने पाहिला तर राखाडी नुसता राखाडी दिसतो. पांढऱ्याशेजारी तो आपली जात सांगतो. कुणी निळ्याकडे जातो, कुणी हिरव्याकडे, कुणी जांभळ्याकडे. मोतियाही तसाच, कधी पिवळसर, कधी गुलाबी. हा झुकाव कार्डावर जेमतेम जाणवतो, पण चारी भिंतींवर पसरला की अंगावर येतो. माझ्याच घरी हे घडले आहे. उत्तरेकडच्या खोलीसाठी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मी मोठ्या विश्वासाने एक राखाडी निवडला. भिंतीवर तो असा जांभळट उतरला की सौभाग्यवती अजून त्या खोलीला वांग्याची खोली म्हणतात. दुकानदाराची चूक नव्हती, त्याने मागितलेला कोडच दिला होता. कागद धरून पाहायचे मीच विसरलो होतो.

उत्तरेच्या खिडकीतून सूर्य थेट फारसा येत नाही, आकाशाचा उजेड येतो आणि तो निळसर असतो. त्यामुळे निळ्याकडे झुकणारा राखाडी तिथे आणखी थंड दिसतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी हाच राखाडी छान ऊबदार वाटेल आणि मोतिया मात्र जास्तच पिवळा पडेल. दारासमोर झाड असेल तर हिरवी झाक आत येते, तांबडी माती असेल तर तांबूस. शेजारी काय आहे त्यानेही डोळा फसतो. गेरूच्या पट्ट्याला लागून लावलेला राखाडी हिरवट-निळसर भासतो; पट्टा झाकला की पुन्हा नुसता राखाडी. दिव्याचेही तेच. एलईडीच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० के लिहिले असेल तर उजेड पिवळसर, ६५०० के असेल तर पांढरा-निळसर. आपल्या घरी जो दिवा लागतो त्याखाली रंग पाहावा. मोबाइलच्या फोटोवर तर मुळीच जाऊ नये. मोबाइल आपल्या मनाने उजेड दुरुस्त करतो आणि राखाडीला पांढरा, पांढऱ्याला राखाडी करून दाखवतो. धाकट्या सूनबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी तोच फोटो आणि तोच बंगला आठवून पाहिला. बंगल्याच्या दिवाणखान्याला दोन बाजूंनी भिंतभर खिडक्या होत्या, असे त्याच म्हणाल्या.

सर्वांत मोलाचा प्रश्न उजळपणाचा. काही कंपन्या आपल्या प्रत्येक रंगाचा परावर्तनाचा आकडा देतात, दुकानदाराला विचारल्यास तो सांगतो. अगदी काळा म्हणजे शून्य, अगदी पांढरा म्हणजे शंभर. मुलाने ओसरीवरूनच दुकानात फोन लावला. मोतियाचा आकडा ७८ निघाला, राखाडीचा ६५. "तेराचाच तर फरक," तो म्हणाला.

इथे थोडे गणित करू. खिडकीतून आलेला उजेड एकाच भिंतीवर पडून थांबत नाही, एका भिंतीवरून दुसरीवर उडत आतल्या कोपऱ्यापर्यंत जातो. शंभर भाग उजेड आला असे धरा. मोतियाची पहिली भिंत ७८ भाग परत देईल, दुसरी त्यातले ६१, तिसरी ४७. राखाडीच्या घरात हेच आकडे ६५, ४२ आणि २७ होतात. म्हणजे खिडकीजवळ फरक किरकोळ, पण तिसऱ्या भिंतीपाशी, जिथे आजींचे जाते आणि डाळीचे डबे, तिथे मोतियाच्या मानाने निम्म्याहून थोडाच जास्त उजेड पोहोचतो. उघड्यावर एकोणीस-वीस दिसणारा फरक अंधाऱ्या माजघरात असा वाढतो. हवेशीर, चार खिडक्यांच्या घरात तो जाणवणारही नाही. तिथे खुशाल राखाडी द्यावा.

आणखी एक गोष्ट तरुण मंडळींच्या ध्यानात येत नाही. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही आणि भिंग पिवळट, गढूळ होत जाते. मोतीबिंदू नसला तरी हे होतेच. सूनबाईंना स्वच्छ दिसणारी खोली आजींना संध्याकाळसारखी दिसते, आणि आपण म्हणतो, म्हातारीला उगाच दारात बसायची सवय आहे.

मी म्हणतो म्हणून मानू नका, करून पाहा, असे मी सुचवले. धुतलेले एक पांढरे धोतर घेतले आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन खिळ्यांना ताणून बांधले. खिडकीचा उजेड थेट त्या भिंतीवर येतो, म्हणून तीच धरली. आजींना आत बसवून सूप दिले. मग धोतर काढून त्याच जागी राखी रंगाची चादर लावली. धोतर असताना आजी डाळीवर पटपट बोटे फिरवत होत्या. चादर लावली तशी त्यांनी सूप उचलून डोळ्यांजवळ नेले. धाकट्या सूनबाई माझ्याशेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण शेडकार्ड त्यांनीच मिटले.

पायरीचा प्रश्न मात्र मोतियाने सुटत नव्हता. शहाबादी फरशी राखाडी, पायरीही त्याच फरशीची, त्यात भिंतही राखाडी झाली असती तर पायरीची कड दिसणारच नव्हती. भिंत उजळ झाली तरी फरशी फरशीतच मिसळते. म्हणून पायरीच्या कडेला चार बोटे रुंद पिवळा ऑइलपेंटचा पट्टा ओढायला सांगितला. रंगात थोडी बारीक वाळू टाकली तर पाय सरकत नाही. दिसायला तो पट्टा काही सुंदर नाही, हे कबूल. पण ज्या घरात म्हातारे माणूस आहे तिथे एवढे तरी कराच.

आता आजोबांच्या चुन्याविषयी. त्यांचे म्हणणे मला निम्मे पटले. ताजा चुना या दोन्ही रंगांपेक्षा उजळ असतो, स्वस्त असतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. डोंगराकडच्या भिंतीतून दर पावसाळ्यात पाझर येत होता आणि खार फुटत होता. तिथे प्लॅस्टिकचा रंग लावला असता तर पुढच्या आषाढात पापुद्रे लोंबले असते. ती एक भिंत चुन्याचीच ठेवली. बाकीच्या भिंतींवरचा सुटा चुना खरवडून, अस्तर देऊन मग मोतिया, असे ठरले. चुन्यावर नुसताच रंग चढवणारे रंगारी असतात. चुना सुटला की त्याबरोबर रंगही सुटतो.

चुन्यात किंचित पिवडी कालवून शेजारच्या मोतियाशी जुळवायचे काम थोरल्या सूनबाईंनी अंगावर घेतले. इथे पुष्कळांची फसगत होते. ओला चुना भिंतीवर जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळला की पांढरा होतो. डब्यातला पाण्याचा प्लॅस्टिक रंग उलट वागतो, ओला असताना फिकट आणि वाळल्यावर जरा गडद. दोन्ही ओले असताना जुळवायला गेलात तर वाळल्यावर एकाचे तोंड पूर्वेला, दुसऱ्याचे पश्चिमेला. सूनबाईंनी पिवडीचे प्रमाण चमच्याने मोजून पुठ्ठ्यावर चार पट्टे मारले, दोन दिवस वाळू दिले आणि तिसरा पट्टा पसंत केला. शेतात खताचे चार प्रकार लावून पाहतात, त्याहून हे निराळे नाही.

ज्यांचा निर्णय अजून अडला असेल त्यांनीही असेच करावे. दोन्ही रंगांचे सर्वांत छोटे डबे आणावेत. हात-दीड हात लांबीरुंदीच्या दोन पुठ्ठ्यांना दोन-दोन हात देऊन रात्रभर वाळवावेत. जुन्या भिंतीवर थेट पट्टा मारू नये, कारण मागच्या रंगामुळे डोळा फसतो. मग ते पुठ्ठे खिडकीशेजारी, समोरच्या भिंतीवर आणि सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, एकेकटे आणि जोडीनेही ठेवून पाहावेत. सकाळी पाहावे, दुपारी पाहावे, दिवा लावून पाहावे. आणि आकाश भरून आलेला एखादा दिवस मिळाला तर तो मुळीच दवडू नये. आपण रंग देतो आश्विनातल्या लख्ख उन्हात आणि त्या रंगात चार महिने राहतो ते पावसाळ्यात. मावळ, मुळशी, भोर आणि घाटमाथ्याच्या वाचकांना हे जास्त सांगायला नको.

सगळे डबे एकदमच आणून एका मोठ्या बादलीत मिसळून घ्यावेत. मशीनवर रंग थेंबांच्या मापाने पडतो आणि अशा फिकट रंगात दोन थेंब इकडेतिकडे झाले तरी भिंतीच्या मध्यावर सांधा दिसतो. माझ्या पाहण्यातल्या एका घरी निम्मी भिंत दिवाळीपूर्वी आणि निम्मी दिवाळीनंतरच्या डब्याची आहे. पाहुणा आला की त्याला ती आधी दिसते.

यंदा आषाढात त्या घरी पुन्हा गेलो, भाताच्या रोपवाटिकेसाठी. बाहेर धो धो पाऊस, खिडकीबाहेर फणस काळानिळा. आजी माजघरात, तिसऱ्या भिंतीला पाठ लावून, वालाचे बी निवडत होत्या. दुसऱ्या डोळ्याचेही ऑपरेशन झाले होते, त्यामुळे श्रेय कुणाला किती द्यायचे हे मी ठरवत बसलो नाही. पायरीवरचा पिवळा पट्टा मधोमध झिजला होता. धाकट्या सूनबाईंची मात्र तक्रार होती आणि ती रास्त होती. मोतियावर चुलीचा धूर आणि पोरांचे हात लगेच दिसतात, पुसायचे काम त्यांच्याच वाट्याला येते; राखाडीवर एवढे दिसले नसते. मी म्हटले, मळ दोन्हीवर सारखाच बसतो, एकावर दिसतो एवढेच. यावर त्या म्हणाल्या, "साहेब, पुसावं लागतं ते दिसतो म्हणूनच ना?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी स्वयंपाकघरात ओट्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत त्यांचा राखाडी, धुता येईल असा, आणि वर मोतिया असे ठरले. पुसण्याची पाळी घरातल्या मुलांनीही घ्यावी, असे मी जाता जाता आजोबांच्या कानावर घातले. त्यांनी ते ऐकले की नाही, सांगता येत नाही.

उरलेला रंग घट्ट झाकण लावून ठेवावा आणि झाकणावर कंपनी, कोड, खोली आणि साल ऑइलपेंटने लिहावे. कागदाची चिठ्ठी उंदीर ठेवत नाहीत.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी लिहीन. मर रोगाची पत्रे बरीच आली आहेत.